झुलालची मूठ

बेबाबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतलं आणि "ये वं सुमन. भू दिन ऱ्हायनी तू माहेरले," असंही म्हणून घेतलं. रीत म्हणून जे करायचं त्यात तिनं काडीची कसर ठेवली नाही. पण एवढं होईपर्यंत तिनं पोराकडे पाहिलं नव्हतं. ती पाहत होती सुमनबाईच्या पोटाकडे. बाजारात गाय पाहावी तशी तिची नजर जावेच्या कमरेभोवती फिरली आणि मग सावकाश वर आली.

सुमनबाईनं पोराच्या तोंडावर पदर ओढला. सुरत लाइनीच्या पॅसेंजरमध्ये बसून तिची कंबर मोडली होती, शिंदखेडा टेसनावरून बैलगाडीनं येताना घशात धूळ बसली होती. पण त्या नजरेपुढं ती सगळा शीण विसरली.

"पोऱ्यानं तोंड ते दखाड," बेबाबाई म्हणाली.

"झोपलाय, अक्का. मग दाखवते."

ते 'मग' काही लवकर आलं नाही.

सुमनबाई नशिराबादची. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिच्या जिभेवर इकडची बोली बसली नव्हती आणि मनात इकडची माणसं बसली नव्हती. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं. दोन्ही खेपेला ती बातमी सगळ्यात आधी मोठ्या जावेला सांगितली होती, एवढं एकच तिनं लक्षात ठेवलं. म्हणून तिसऱ्या खेपेला तिनं नवऱ्याशिवाय कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लुगडं सैल नेसली, ओकाऱ्या गोठ्यात जाऊन काढल्या, आणि पोट दिसायच्या आत आईच्या आजारपणाचं निमित्त काढून माहेर गाठलं. भादव्यात मुलगा झाला. बारशाला सासरचं कुणी आलं नाही. नवरा जीवराम तेवढा आला आणि आपल्या मेलेल्या बापाचं नाव पोराला देऊन गेला. झुलाल.

लपवायची हौस तिची, पण त्याचं पीक गावात भलतंच निघालं. चार महिने ही बाई इथं होती तेव्हा कुणाच्या ध्यानात काही आलं नाही, आणि आता तिकडून थेट पोरगं घेऊन येते? सुमनबाईची बहीण लताबाई पाच पोरांची आई. सहावं जड झालं असेल, दिलं असेल बहिणीच्या ओटीत! हे पहिल्यांदा कोण बोललं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण बेबाबाईनं ते पाणवठ्यावर, चारचौघींत, हंडा घासता घासता म्हटलं होतं.

आणि बेबाबाईनं तरी का म्हणू नये? जीवरामला मूलबाळ नसतं तर त्याचा अर्धा मळा आणि अर्धी विहीर पुढंमागं बेबाबाईच्याच पोरांकडे, तोताराम आणि निंबाकडे जाणार होती. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, ओसरीत मधोमध कुडाची भिंत आली होती. एकच गोष्ट वाटली गेली नव्हती, ती म्हणजे घरची देवी कानबाई. श्रावणात कानबाई बसायची ती थोरल्या भाईदासच्याच, बेबाबाईच्या नवऱ्याच्या घरात, आणि तिच्या रोटाच्या नैवेद्याला घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजला जायचा. त्या गव्हाच्या पुऱ्या घरच्यांनीच खायच्या, बाहेरच्याला त्यातला कण द्यायचा नाही. गावात कुणाच्या भाऊबंदकीवरून वाद निघाला तर म्हातारी माणसं एवढंच विचारायची, की रोटात त्याची मूठ पडते का? पडत असेल तर तो घरचा, नसेल तर त्यानं आपल्या वाटेनं जावं.

तेव्हा सुमनबाईच्या जिवाला घोर होता तो या एका मुठीचा. श्रावणात भाईदास तिच्या पोराची मूठ टाकणार की नाही?

माघात मिरची तोडायला आली. दोन्ही मळ्यांची तोडणी एकाच वेळी, बाया त्याच. सुमनबाईनं बांधावरच्या कडुनिंबाला झोळी बांधली, पोराच्या गालाला काजळाचा एवढा मोठा ठिपका लावला की अर्धा गाल काळा झाला, आणि ती अशा ओळीत तोडायला लागली जिथून झोळी सतत दिसेल. दोन ओळी मिरच्या तोडल्या की हात पेटतात. कपाळावर आलेला केससुद्धा मनगटानं सारावा लागतो. तिची बोटं लाल झाली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या पाण्याआडून तिला दिसलं, की बेबाबाई झोळीपाशी वाकली आहे. तिनं पोराच्या पायावरचं फडकं बाजूला केलं होतं आणि ती त्याच्या तळपायाकडे पाहत होती.

सुमनबाई पाटीला लाथाडून धावली.

"काय करता, अक्का?"

"काय करस म्हंजे? पाय देखी राहिनू त्याना. पायबी झाकी ठेवशी का आते?"

"निजला होता तो."

"निजेल नही व्हता. मनाकडे देखी हासना."

आजूबाजूच्या बाया तोडता तोडता थांबल्या. त्यातल्या एकीनं, झिपाबाईनं, गंमत करावी तसं विचारलं, "सुमन, अंगवरनं पाजस का वरनं?"

सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. सुमनबाईला कळलं की हा प्रश्न आज सुचलेला नाही, तो बरेच दिवस या बायांच्या तोंडात घोळतो आहे. तिनं जेवणासाठी आणलेला ताकाचा तांब्या उचलला, सगळं ताक दोन्ही हातांवर ओतलं, माती लावून हात चोळले, पुन्हा पुसले. मग ती कडुनिंबाखाली सगळ्यांकडे तोंड करून बसली आणि पदर बाजूला सारून तिनं पोराला छातीशी लावलं. हाताची आग पुरती गेली नव्हती. पोरानं ओढायला सुरुवात केली तशी तिच्या अंगाची लाही झाली, पण तिनं हूं का चूं केलं नाही. पोराच्या ओठाच्या कडेनं दूध ओघळून गळ्यापर्यंत गेलं. बाया बघत होत्या. एखादी खाली मान घालेल असं तिला वाटलं होतं, पण एकीनंही घातली नाही.

बेबाबाईनं आपली पाटी कमरेला लावली.

"दूध ते काय," ती जाता जाता म्हणाली, "पोऱ्या छातीले लायी ठेवा ते मावशीलेबी फुटस."

त्या दिवशी सुमनबाई भरल्या शेतात रडली. मिरचीमुळं सगळ्यांचेच डोळे लाल होते, त्यामुळं कुणाला ते वेगळं दिसलं नाही.

त्यानंतर तिनं पोराला अंगावेगळं करणं सोडलं. दळताना मांडीवर, भाकरी थापताना पाठीशी. पोरगं पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, त्याला खालचे दोन दात आले. पण यातलं काहीही भिंतीपलीकडच्यांना दिसणार नाही अशी तजवीज तिनं केली होती. जीवराम बिचारा मधल्यामध्ये सापडला होता.

"भाऊले एकदा देखू दे ना पोऱ्याले," तो म्हणायचा.

"त्यांना पाहायचं असतं तर आले असते."

"भाऊ कसा ई? जेठ शे तो तुना. तू पोऱ्याले धरी बठेल, तुनाजोडे कसा ई तो?"

हे खरं होतं. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीच्या जवळपास फिरकायचं नाही, आणि पोरगं तर चोवीस तास भावजयीच्या कडेवर. पण खरं असलं म्हणून काय झालं? ज्याच्या मनात असतं तो वाट काढतो, असं सुमनबाईनं ठरवून टाकलं.

चैतात विहिरीचं पाणी खाली गेलं. पाण्याची पाळी जीवरामची असताना तोतारामनं इंजिन बंद केलं. काकानं विचारलं तर तो म्हणाला, "पानीच नही शे, काका. पाइपना तोंडना फूटबॉल पानी सोडी हवा लेवाले लागना." जीवराम मान डोलावून घरी आला. सुमनबाईचा काही विश्वास बसेना. ती पोराला कडेवर घेऊन भर उन्हात विहिरीवर गेली आणि तिनं एक ढेकूळ आत टाकलं. डुबुक असा आवाज आला. एवढा आवाज येतो म्हणजे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे आपल्याला तोडायला लागलेत! विहिरीत गुडघाभर पाणी असलं तरी ढेकूळ डुबुकच करतं, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

वैशाखात मात्र तिची खात्रीच पटावी असं घडलं. पोराचं लाल खणाचं टोपडं, तिच्या आईनं हातानं शिवलेलं, कुडावर वाळत घातलं होतं. दुपारी पाहते तर नाही. वाऱ्यानं पडलं म्हणावं तर वाऱ्याचं नाव नव्हतं. ओसरी, अंगण, उकिरडा सगळं पालथं घातलं. आणि संध्याकाळी पोरगं तापानं फणफणलं.

लहान मुलाच्या डोक्याचं कापड नाहीसं व्हावं आणि त्याच दिवशी त्याला ताप यावा, यातून सुमनबाईसारखी बाई काय काढायचं ते काढतेच. तिनं मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या पोरावरून उतरवून चुलीत टाकल्या. ज्या घरात आढ्यापर्यंत मिरची भरलेली, येणाराजाणारा दारातच शिंकतो, त्या घरात त्या मिरच्यांचा ठसका काही उठला नाही. म्हणजे नजर लागली होती आणि ती जबर होती. कुडापलीकडून बेबाबाईचा आवाज आला, "काय झायं वं पोऱ्याले? ताप शे का? वावडिंगनं पानी पाज." न सांगता हिला ताप कसा कळला, एवढंच सुमनबाईनं मनात टिपून ठेवलं. पोरगं दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असं कण्हत होतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

ताप उतरला. टोपडं काही सापडलं नाही.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची, रोटाचा गहू आदल्या दिवशी मोजायचा. सुमनबाईनं पोराला न्हाऊ घातलं, झोळीत निजवलं आणि वर्षात पहिल्यांदा त्याला मागं ठेवून ती कुडाच्या पलीकडे गेली. दुसरा इलाज नव्हता. मोजताना नजर ठेवायला तर तिथं असायलाच हवं होतं.

थोरल्या घरात जमीन सारवलेली होती. भाईदास, ज्याला सुमनबाई आबा म्हणायची, सोवळ्यानं पाटावर बसला होता. उंच, हाडकुळा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. त्याच्यापुढं परातीत निवडलेला गहू आणि शेजारी कोऱ्या फडक्याची टोपली. जीवराम आणि दोन्ही पुतणे हात जोडून उभे होते. सुमनबाई दाराशी पदर ओढून उभी राहिली.

भाईदासनं पहिली मूठ आपल्या नावाची टाकली, वर पाव मूठ. मग बोलला, "जीवरामना नावनी." मग "तोतारामना नावनी." मग "निंबाना नावनी." प्रत्येक मुठीला गव्हाचा सरसर आवाज होत होता. निंबाच्या मुठीनंतर सुमनबाई अर्धं पाऊल पुढं सरकली.

भाईदासनं हात झटकले. टोपलीवर फडकं ओढलं. उठला.

"जीवराम, भायेर ये रे जरा," म्हणून तो मागच्या दारानं बाहेर गेला. जीवराम त्याच्या मागं गेला, पोरंही गेली.

म्हणजे झालं. चार मुठी, आणि पाचवी नाहीच. आणि भावाला बाहेर बोलावलं ते त्याची समजूत घालायला, आणि तो माझा नंदीबैल मान डोलावणार! माघातली ती कडुनिंबाखालची दुपार, दुधाचा तो ओघळ, त्या बायांच्या नजरा, सगळं एकदम वर आलं. ही मूठ आज पडली नाही तर कधीच पडणार नाही. हा पोरगा मोठा होईल, मळ्यात राबेल आणि कुणीही त्याला विचारील, की तुझी मूठ कुठाय?

बाईनं रोटाच्या गव्हाला मोजायचा हात लावायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं फडकं उचललं, परातीतली मूठ भरली, टोपलीत टाकली, वर पाव मूठ टाकली आणि फडकं होतं तसं केलं. ओठ हलले, पण नाव तोंडातून निघालं नाही. सासऱ्याचं नाव ते. सून ते घेत नाही, म्हणून दोन्ही जावा पोराला 'बापू'च म्हणायच्या. ती पुन्हा दाराशी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात मागच्या दारातून भाईदास आत आला. हातपाय धुऊन आला होता, पायांतून पाणी निथळत होतं. आणि त्याच्या कडेवर झुलाल होता.

पोरगं नुकतं झोपेतून उठलेलं, केस उभे, आणि ते मोठ्या काकाच्या मिशीकडे अगदी निरखून बघत होतं.

"इतला वरीसथून पाट मांडस, चारच मुठी टाकस," भाईदास कुणाला उद्देशून नाही असं बोलला, पण ते भावजयीसाठी होतं. "आते पाचवी. आपला घरनी रीत शे, पहिला रोटले ज्यानी मूठ त्यानीच टाकनी. दुसरा कोनी टाकानी नही. निंबानंतर आज पोऱ्या उना पाटवर." म्हणजे निंबाच्या पहिल्या रोटानंतर ही रीत घडलीच नव्हती. आणि निंबा सुमनबाईच्या लग्नाच्या वेळी शाळेत जात होता. तिला ही रीत दिसणार कुठून?

भाईदास पाटावर बसला, पोराला मांडीत घेतलं. त्याचा चिमुकला हात आपल्या मुठीत धरला आणि परातीत घातला. पोरानं गहू धरला, पुन्हा सोडला, पुन्हा धरला. दोन दाणे तोंडात घातले. तोताराम आणि निंबा हसायला लागले. जीवराम तर हसता हसता डोळे पुसत होता. भाईदासनं ती मूठ पोराच्या मुठीसकट टोपलीवर नेली आणि बोटं सैल केली.

"झुलालना नावनी," तो म्हणाला. बापाचं नाव घेताना त्याचा आवाज घोगरा झाला. "नानानं नाक शे रे, जीवराम. मी ते आजच देखं. देखू देतस कोठे माले!"

सुमनबाईला हसावं की धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. टोपलीत सहा मुठी होत्या आणि घरात पुरुष पाच.

दळण दोघी जावांनी दळायचं. जातं एकच, खुंटा एकच. समोरासमोर पाय पसरून दोघी बसल्या. पोरगं शेजारी फडक्यावर बसून पिठाची बोटं चाटत होतं. बेबाबाईनं गहू घातला, ओढलं, सुमनबाईनं ढकललं. जात्याची घरघर तेवढी चालली होती.

"मी देखं," बेबाबाई म्हणाली.

"काय?"

"तुनी मूठ. मी कोठीआड व्हती."

सुमनबाईचा हात खुंट्यावर थांबला. आता ही उठेल, ओसरीत जाईल, सगळ्या गल्लीला ऐकवील. देवीच्या गव्हाला बाईचा हात लागला, तोही चोरून.

"मग सांगा आबांना. थांबलात कशाला?"

"सांगीसन काय करू? पडेल मूठ काढता येस का? कानबाईनं धान शे." बेबाबाईनं खुंटा ओढला, म्हणून सुमनबाईलाही ढकलावं लागलं. "पन कोना नावनी धरानी ती? बिननावनी मूठ रोटमा दळता येत नही."

"आबांनी टाकली ती बापूची. माझी... माझी पण त्याचीच."

"एकना नावन्या दोन कश्या व्हतीन?"

पुन्हा जातं फिरत राहिलं. बेबाबाई खाली पिठाकडे पाहत बोलायला लागली. तिचा आवाज पाणवठ्यावरचा नव्हता.

"तोतारामना आगोदर माले एक पोऱ्या व्हता. तुले कोनी सांगं नही व्हई. कोनलेच याद नही आते. कानबाई तोंडवर उनी व्हती, मी गहू निवडी ठेयेल व्हता. मूठ पडाना आगोदरच गया तो. बारसं बी झायं नही. नाव मी मनमा धरी ठेयेल व्हतं. तेच. तू जे ठेवं ते."

त्या नावाची बातमी बारशानंतर इथं आली तेव्हा या बाईला काय झालं असेल, हे सुमनबाईच्या मनात वर्षभरात एकदाही आलं नव्हतं.

"मी बोलनू पाणोठावर," बेबाबाई म्हणाली. "नही म्हनत नही. माले राग उना. ज्यानं पोट कोनी देखं नही, त्याले ते नाव कसं? मना पोऱ्याना पाय बी तसाच व्हतात, बारीक, लांब अंगठाना." तिनं जातं थांबवलं, कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून घडी करून ठेवलेलं लाल कापड काढून पिठाच्या कडेला ठेवलं. ते टोपडं होतं. "देखासाठे लिधं व्हतं, डोकं केवढं झायं त्यानं. मंग परत देवानी हिंमत झायी नही. तू मूठ चोरी टाकी, मी टोपडं चोरी लिधं."

सुमनबाई त्या टोपड्याकडे पाहत राहिली. खण चुरगळून मऊ झाला होता, फार वेळा हाताळल्यासारखा. तिला भरून आलं, आणि त्याच क्षणी मनात पाल चुकचुकलीही. मेलेल्या पोराची मूठ माझ्या पोराच्या मुठीत मिसळून दळली जाते आहे, तेच नाव, तेच पीठ. हिला हेच हवं होतं का? पण ती मूठ बेबाबाईनं टाकली नव्हती. जिनं टाकली ती इथंच, खुंट्याला हात लावून बसली होती.

"त्याच्या नावाची धरा, अक्का," ती शेवटी म्हणाली.

बेबाबाईनं डोळ्यांना पदर लावला नाही. उरलेला गहू तिनं जात्याच्या तोंडात घातला आणि दोघींनी मिळून तो दळून काढला. मग तिनं पिठाचे हात झटकले, लुगड्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले.

"लेऊ का त्याले?" तिनं विचारलं.

वर्षभर ती न विचारता वाकली होती, डोकावली होती, फडकी उचलून पाहिली होती. आज पहिल्यांदा विचारत होती. सुमनबाईनं पोराच्या तोंडावरचं पीठ पुसलं. गालाला काजळ लावायचं आज सकाळी गडबडीत राहून गेलं होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिनं पोराला उचललं आणि जात्यावरून पलीकडे बेबाबाईच्या हातांत दिलं.

पोरगं रडलं नाही. त्यानं बेबाबाईच्या नाकातली फुली धरली आणि ओढली.

सुमनबाईनं पोर दिलं खरं, पण तिचे हात मात्र बराच वेळ तसेच, जात्यावर पुढं धरलेले राहिले.